विशाखा समितीपुढे साक्ष दिली, त्याचा अनुभव

मी एका अनुदानित कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. आमच्याकडच्या एका सीएचबीवरच्या मॅडमनी उपप्राचार्यांविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार विशाखा समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या कॉलेजच्या समितीकडे, केली आणि साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. गाव, विषय, साल काही लिहीत नाही, आणि तक्रारीत काय होतं तेही नाही, कारण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याच्या 16व्या कलमाने त्याला मनाई आहे आणि ते बरोबरच आहे. बाहेर लोक काय बोलत होते आणि साक्षीदार म्हणून माझ्या वाट्याला काय आलं तेवढंच लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, तासावर पैसे, नेमणूक दरवर्षी नवी, आणि तास कुणाला किती द्यायचे ते आमच्याकडे उपप्राचार्यच ठरवायचे. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

तक्रार पाकिटात घालून दिली होती, सहा प्रती लागतात त्याच्या, पण दुसऱ्या दिवशी कँटीनमधल्या पोऱ्यालाही माहीत होतं. आणि पहिलं वाक्य जे माझ्या कानावर पडलं ते असं की, नॅक, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणारी तपासणी, तोंडावर आलंय, आत्ताच कशाला? मग पुढचं सुरू झालं. सरांनी किती पोरांच्या फिया स्वतःच्या खिशातून भरल्या, सरांची मुलगी डॉक्टर आहे, सर पंढरीची वारी करतात, सरांमुळे मागच्या वेळी ग्रेड मिळाली. हे सगळं खरं आहे हो, मी स्वतः बघितलंय, माझ्या भावाच्या ऑपरेशनला सरांनीच पैसे दिले होते. पण त्याचा आणि त्या दिवशी स्टोअररूमच्या दारात जे झालं त्याचा काय संबंध ते मला कुणी सांगेना. आणि मॅडमबद्दल काय, तर त्यांना कायम करून घ्यायचं होतं, नवऱ्याशी पटत नाही म्हणे, टाळी एका हाताने वाजत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं म्हणजे इतके दिवस गप्प का होत्या.

याच स्टाफरूममध्ये 2023ला काय चाललं होतं ते मला आठवतंय ना. कुस्तीपटू मुली जंतरमंतरवर बसल्या होत्या, कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर त्यांनी आरोप केले होते, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कुठे 28 एप्रिलला गुन्हा दाखल झाला, आणि 28 मेला नव्या संसदेचं उद्घाटन होतं त्या दिवशी पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं. तेव्हा आमच्याकडचा प्रत्येक माणूस तावातावाने बोलत होता, साक्षी मलिकने कुस्ती सोडली तेव्हा तर आमच्या एका सरांच्या डोळ्यात पाणी आलेलं. त्या मुलींनाही लोक हेच विचारत होते, इतके दिवस गप्प का, आणि आमचे हेच सर त्यावर चिडून उत्तर द्यायचे की करिअर ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध लगेच कोण बोलेल. दिल्लीतलं कळत होतं. इथे मात्र खुर्चीतला माणूस ओळखीचा निघाला.

माझ्याबद्दल काय बोलले ते पण सांगतो. मी पुरुष आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न, तुझं काय तिच्याशी? ज्यांनी तोंडावर विचारलं ते परवडले. आमचा स्टाफचा व्हॉट्सॲप ग्रुप होता त्यातून मला काढलं, का म्हणून विचारलं तर ॲडमिन म्हणाला चुकून झालं असेल. सासरे जिल्हा परिषदेतून रिटायर झालेत, ते म्हणाले पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं जावईबापू. बायकोने फक्त घराच्या हप्त्यांचा विषय काढला आणि मी कायम आहे ना, म्हणजे काढता तर येणार नाही ना, ते दोनदा विचारून घेतलं. मी सीएचबीवर असतो तर साक्ष दिली असती का हे मला खरंच सांगता येणार नाही.

आणि दुसरी बाजू तर अजूनच भारी. संस्थेत दोन गट आहेत, सरांच्या विरोधातल्या गटातली माणसं, जी मला कधी ओळखही दाखवत नव्हती, ती एकदम चहाला बोलवायला लागली. घाबरू नको, जोरात सांग, अजून दोन गोष्टी घाल, आम्ही आहोत मागे. त्यांनाही काय घडलं त्याच्याशी देणंघेणं नव्हतं, पुढच्या निवडणुकीआधी सर हटले पाहिजेत एवढंच. मॅडमना बरं वाटतंय का, त्या जेवतायत का, हे या दोन्हीकडच्या एकानेही विचारल्याचं मला माहीत नाही, ते लायब्ररीतल्या शिपाई मावशींनी विचारलं.

आता समितीचं. आमच्याकडे तिला अजून विशाखा समितीच म्हणतात, 1997च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावरून. अध्यक्ष बाईच असते, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची असावी लागते. ही बाहेरची सदस्य किती महत्त्वाची ते मला तिथे बसल्यावर कळलं, कारण बाकीचे सगळे सरांच्या हाताखालचे, त्यांची सीआर, म्हणजे कामाचा गोपनीय अहवाल, लिहिणारा माणूस समोर बसलेला. बाहेरून आलेल्या ताई मात्र कुणाचं काही लागत नव्हत्या. वकील कुणालाच आणता येत नाही. मला पत्र आलं, तारीख वेळ दिलेली, मी बसलो तेव्हा मॅडम खोलीत नव्हत्या.

मी तयारी काय करून गेलो होतो तर सरांबद्दल चांगलं वाईट काय बोलायचं, कारण बाहेर सगळे तेच विचारत होते. ताईंनी ते विचारलंच नाही. तुम्ही कुठे उभे होता, दार किती उघडं होतं, लाईट चालू होती का, किती वाजले होते, कशावरून सांगता. मी एक वाक्य बोललो ते मला नंतर दुसऱ्याकडून कळलेलं होतं, त्यांनी लगेच थांबवलं आणि म्हणाल्या पाहिलेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं, आणि ते वेगळं लिहून घेतलं. सरांचे प्रश्न कागदावर आले, अध्यक्ष मॅडमनी वाचून विचारले. त्यात एक होता की मला कधी मेमो मिळालाय का. मिळालाय, सांगितलं, कधी आणि कशासाठी तेही सांगितलं. प्रत्येक पानावर सही केली, खोडलेल्या ठिकाणी पण.

मध्ये मॅडमनी लेखी मागितलं म्हणून समितीने त्यांना संस्थेच्या दुसऱ्या शाखेत तास देण्याची शिफारस केली. चौकशी चालू असताना असं मागता येतं, 12व्या कलमात आहे. पण गावात अर्थ काय निघाला, तर तिलाच हलवलं म्हणजे तिचंच काहीतरी असणार. हे मी सलूनमध्ये बसून ऐकलंय. मधल्या काळात मिटवून टाका म्हणणारे पण झाले. तडजोड कायद्यात आहे, पण ती बाईने स्वतः मागितली तरच, आणि पैशावर तर नाहीच. मॅडमनी मागितली नव्हती.

उशीर होतोय म्हणून विरोधी गट ओरडत होता, 90 दिवसांत संपवायचं असतं ते खरंच आहे, पण ताई सरांना उत्तराला पूर्ण वेळ देत होत्या, त्यांचे साक्षीदार पण सगळे बोलावले. मला तेव्हा राग आला होता. नंतर गोवा विद्यापीठाच्या एका विभागप्रमुखाच्या केसबद्दल वाचलं, तिथे 2009मध्ये समितीने घाईघाईत सुनावण्या उरकल्या म्हणून 2023च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा मागच्या टप्प्यावर नेली. चौदा वर्षांनी! तक्रार करणाऱ्या मुलींचं काय झालं असेल तोवर. त्यानंतर ताईंवरचा राग गेला.

समितीने आरोप सिद्ध धरले, सरांचा उपप्राचार्यपदाचा चार्ज काढला, सर अपिलात गेलेत, तो त्यांचा हक्क आहे. अहवाल मला मिळाला नाही, साक्षीदाराला मिळत नाही. कँटीनमध्ये निम्मे म्हणाले समितीवर दबाव होता, निम्मे म्हणाले थोडक्यात सुटले. सिद्ध झालं नसतं तर मॅडम खोटारड्या ठरल्या असत्या हे मात्र नक्की, कायद्यात स्वच्छ लिहिलंय की नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी धरायची नाही, पण कायदा वाचतंय कोण.

मॅडमची यंदाची नेमणूक दुसऱ्या शाखेत झाली, परत मुलाखत देऊन, परत तासावर. नॅकची तारीख पुढे गेली. नॅकच्या कामासाठी म्हणून मला ग्रुपवर परत घेतलंय, मी तो म्यूट करून ठेवलाय.