तुम्ही विचारलंत म्हणून: फुटपाथ असताना लोक रस्त्यावरून का चालतात?

पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारतानाच चालणाऱ्याला दोषी धरलेलं असतं. माझं उत्तर असं की आपले फुटपाथ सलग नाहीत. रुंदीचा प्रश्न त्यानंतरचा.

सोसायटीचं गेट आलं की फुटपाथ रस्त्याच्या पातळीला उतरतो आणि गेट संपलं की पुन्हा चढतो. गाडी सपाट जाते, माणूस चढ-उतार करतो. शंभर मीटरमध्ये पाच गेटं असली तर दहा पायऱ्या झाल्या. गुडघे दुखणारी आजी आणि बाबागाडी ढकलणारी आई दोघीही मग डांबरावरूनच जाणार. कर्बची, म्हणजे फुटपाथच्या दगडी कडेची, उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रोड काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. वाहनं चढू नयेत म्हणून आपण ती वाढवतो. मोटरसायकल तरीही चढते, अडतात ती म्हातारी माणसं.

उपाय सोपा आहे. गेटपाशी फुटपाथ त्याच पातळीवर सरळ पुढे न्यायचा आणि चढायचं काम गाडीला द्यायचं. त्यासाठी कर्बलगतचा अर्धा-पाऊण मीटरचा पट्टा उतारासाठी पुरतो. सोसायटीची जमीन फुटपाथपेक्षा खाली असेल तर पावसाचं पाणी आत जाईल, ही रहिवाशांची तक्रार रास्त असते. गेटच्या रेषेत जाळीचं गटार घेऊन ते पावसाळी गटाराच्या चेंबरला जोडलं की ती मिटते. हे काम अंदाजपत्रकातच धरायला हवं. मागाहून कुणी करत नाही.

चौकात अडचण वेगळी. चाकाच्या खुर्चीसाठी उतार 1:12 लागतो, म्हणजे 150 मिलिमीटर उतरायला 1.8 मीटर लांबी. ठेकेदार तोच उतार हातभर जागेत बसवतो आणि खुर्ची घसरते. त्यापेक्षा झेब्रा क्रॉसिंगच फुटपाथच्या पातळीला उचलावं: माणूस सपाट ओलांडतो, गाडीला वेग कमी करावाच लागतो. मात्र पाणी ज्या बाजूने वाहत येतं तिथे, क्रॉसिंगच्या आधी, चेंबर हवं. ते वगळलं की पहिल्याच पावसात तळं साचतं, तक्रारी होतात आणि उचललेलं क्रॉसिंगच खरवडून काढलं जातं.

वेगाबद्दल मी कधीच तडजोड सुचवत नाही. चालक दचकून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असं धरा. ताशी 50 किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी जवळपास 14 मीटर पुढे येते; ताशी 30 ने 8 मीटर. आणि 50 च्या धडकेतली ऊर्जा 30 च्या पावणेतीन पट असते. नुसत्या फलकाने वेग उतरत नाही. गल्लीच्या तोंडाशी कर्बचं वळण ऐसपैस गोल असेल तर गाडी न थांबता वळते. तेच चार-पाच मीटर त्रिज्येचं केलं तर चालकाला वेग सोडावा लागतो, आणि ओलांडायचं अंतरही घटतं.

सिग्नलचं गणित बहुधा ठरावीक चालीवर बसवतात: सेकंदाला 1.2 मीटर. चौदा मीटरचा रस्ता त्या हिशेबाने 12 सेकंदांत संपतो. सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या आजोबांना साडेसतरा सेकंद लागतात, म्हणजे दिवा बदलतो तेव्हा ते अजून रस्त्यातच असतात. वेळ वाढवा, नाहीतर दुभाजकात दीड-दोन मीटरचा थांबा द्या. पादचारी पूल हा त्यावरचा उपाय नव्हे. सहा मीटर चढायला 40 पायऱ्या, तेवढ्याच उतरायला, आणि खाली गाड्या मोकळ्या सुटलेल्या.

बोलार्ड, म्हणजे फुटपाथच्या तोंडाशी रोवलेले आखूड खांब, लावून दुचाकी थांबतील, ही आशाही सोडा. चाकाच्या खुर्चीला 90 सेंटिमीटर मोकळे सोडले की त्यातून स्कूटर आरामात जाते. बोलार्ड चारचाकी अडवतो. दुचाकीसाठी झाडांच्या रांगेत आखलेली पार्किंगची जागा आणि नियमित कारवाई, दोन्ही लागतात. फेरीवाल्यांचंही तसंच आहे. त्यांना हाकलण्यापेक्षा झाडं-खांबांच्या पट्ट्यात बसवावं आणि चालण्यासाठी किमान 1.8 मीटर, बाजारपेठेत 2.5 मीटर, पूर्ण मोकळे ठेवावेत. संध्याकाळी वर्दळीच्या फुटपाथवरून एकट्या बाईला निर्धास्त चालता येतं, ते या विक्रेत्यांमुळेही.

हे आपल्याकडे होत नाही, असं नाही. जंगली महाराज रस्त्याचा रुंद केलेला फुटपाथ पाहा: बाकं आहेत, झाडं राखली आहेत, लोक रेंगाळतात. महापालिकेचं पादचारी धोरण 2016 पासून आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे फुटपाथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचंही सांगितलं.

तुमच्या भागासाठी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देणार असाल तर ‘फुटपाथ दुरुस्त करा’ एवढंच लिहू नका. त्यावर पेव्हर ब्लॉक बदलले जातात आणि पायऱ्या तशाच राहतात. शंभर मीटरचा एकच तुकडा निवडा. प्रत्येक गेट, डीपी (विजेची पेटी), वर आलेलं चेंबर मोजून घ्या: उंची किती, मोकळी रुंदी किती. फोटो घेताना शेजारी टेप धरा. अर्जात मागणी अशी लिहा: अमुक गेटपाशी फुटपाथ सलग पातळीत न्यावा, जाळीचं गटार द्यावं, डीपी झाडांच्या रेषेत हलवावा. डीपी वीज कंपनीचा असतो, म्हणून अर्जाची एक प्रत त्यांच्या कार्यालयातही द्या.