हिरवा जॅक मेला, निळ्यातनं आवाज काढला

मागच्या वेळी सांगितलेलं बघा, जुन्या एच-८१ मदरबोर्डाच्या पीसीवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं पण स्पीकर गप्प. ते या रविवारी सुटलं, आणि आठ दिवस ड्रायव्हरला, म्हणजे साउंड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिव्या घातल्या तो बिचारा निर्दोष निघाला.

साउंड कार्डांची यादी दाखवणारी एप्ले -एल ही कमांड मारली तर दोन कार्डं, ० वर एचडीएमआय (मॉनिटरच्या केबलचं) आणि १ वर पीसीएच, म्हणजे बोर्डावरची एएलसी८८७ साउंड चिप. हॅसवेल (इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या) बोर्डांवर हे असंच दिसतंय, म्हणून अल्सामिक्सर या आवाज कमी-जास्त करायच्या प्रोग्राममध्ये एफ६ दाबून कार्ड बदला, नाहीतर माझ्यासारखं तासभर एचडीएमआयचंच म्यूट काढत बसाल. बरोबर कार्डाचं म्यूट काढलं, ऑटो-म्यूट (हेडफोन लावला की मागचा आवाज बंद करणारं सेटिंग) बंद केलं, तरी मागचा हिरवा जॅक मुका, आणि समोरच्या हेडफोन जॅकला मात्र खणखणीत आवाज. मग टॉर्च मारून बघितलं तर हिरव्या जॅकच्या आतली पत्तीच हिरवी पडलेली! खानापूरचा पाऊस हो, कपडे वाळत नाहीत तिथं तांब्याचं काय घेऊन बसलाय. बेळगावात खडेबाजारात एकाला दाखवलं तर म्हणतोय ठेवून जावा, बघतो सावकाश.

ठेवून कोण जातंय. प्रॉक या सिस्टीमच्या फोल्डरमधली कोडेकची, म्हणजे त्या साउंड चिपची, माहितीची फाईल उघडली, त्यात प्रत्येक जॅकला नोड नंबर, नोड १४ म्हणजे हिरवा, १बी समोरचा हेडफोन, १ए निळा लाईन-इन (बाहेरचा आवाज आत घ्यायचा), आणि या १एच्या पिनकॅपमध्ये, म्हणजे जॅकला काय काय जमतं त्या ओळीत, चक्क इन आउट दोन्ही लिहिलेलं, म्हणजे हाच जॅक आउटपुट पण होतोय. जॅकचं काम बदलणारा एचडीएजॅकरीटास्क प्रोग्राम उघडला, निळ्याला ओव्हरराइड टिक करून लाईन आउट बॅक निवडलं, कारण जॅक कॅबिनेटच्या बॅकला आहे ना! बूट ओव्हरराइड (प्रत्येक वेळी चालू होताना हाच बदल लागू होणारा) टाकून रीस्टार्ट केलं. शांतता. बाहेरनं आबा विचारायलेत, "काय रे, आवाज यायलाय काय, का नुसतंच टायपायलास?"

मग स्पीकर-टेस्ट, म्हणजे एकेका स्पीकरचं नाव बोलून दाखवणारी कमांड, थेट त्या कार्डावर चार चॅनेल करून लावली, फ्रंट लेफ्टला काही नाही, फ्रंट राइटला काही नाही, आणि एकदम निळ्यातनं बाई बोलली, "रिअर राइट". तेव्हा ट्यूब पेटली, बॅक म्हणजे कॅबिनेटची मागची बाजू नव्हे, चार स्पीकरच्या सराउंड सेटमधले मागचे स्पीकर. ड्रायव्हरच्या हिशोबानं पुढचे दोन अजून त्या मेलेल्या हिरव्याला जोडलेले, गाणं सगळं तिकडंच जात होतं.

हिरव्याला नॉट कनेक्टेड केलं, निळ्याला लाईन आउट फ्रंट, परत रीस्टार्ट, आणि आबांच्या जुन्या अँप्लिफायरवर अभंग सुरू. आबा आले, दोन मिनिटं ऐकलं, बास जास्त आहे म्हणून गेले.

लाईन-इन मात्र गेलं, आणि आबांच्या कॅसेटी उतरवायला तेच पाहिजे. आता गुलाबी माइकला लाईन-इन करून बघायचंय, कुणी ८८७ वर केलं असेल तर गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) किती ठेवला सांगा.