अळू नव्हे, थोरला भाऊ

बुधवार, रात्री. हनालेई, कौआई बेट, हवाई.

सकाळी निघतानाच आमचं वाजलं. लिमाहुलीच्या बागेत आधी वेळ ठरवून जावं लागतं. यांनी वेळ घेतली होती अकराची आणि मला घाई दहाची! हनालेईपुढचा रस्ता एकेरी पुलांचा. या बाजूच्या पाच-सात गाड्या गेल्या की समोरच्यांची पाळी, भोंगा कुणी वाजवत नाही. गाडीत आम्हीही गप्पच होतो, पण ती शांतता वेगळी.

हवाईची दुर्मिळ झाडं बघायची म्हणून इतक्या लांब आले आणि आत शिरल्यावर पहिलं काय दिसलं, तर अळू. राजापूरला आमच्या न्हाणीमागे सांडपाण्यावर वाढायचं तेच! इथे मात्र त्याचा थाट निराळा. डोंगरउतारावर दगडी बांधांची खाचरं, ओढ्याचं पाणी पाटाने वरच्या खाचरातून खालच्यात उतरतं आणि पुढे परत ओढ्याला मिळतं. हे बांध कित्येक शतकांचे जुने. खाचराला म्हणतात लोई, पाटाला आउवाई, अळवाला कालो. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतची पट्टी म्हणजे एक आहुपुआआ. लाकूड वरून, अळू मधून, मासे खालून. गावाचा सगळा संसार एका ओढ्याच्या काठाने.

माहिती सांगणाऱ्या बाईंनी कालोची गोष्ट सांगितली. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. ते पुरलं, तिथून कालो उगवला. त्याचं नाव हालोआ. पुढच्या मुलालाही तेच नाव ठेवलं, आणि त्याच्यापासून माणसं झाली. म्हणजे अळू हा आपला थोरला भाऊ, त्याने धाकट्याला पोसायचं आणि धाकट्याने त्याची निगा राखायची. मी आयुष्यभर या दादाला चिंच-गूळ लावून फदफद्यात शिजवत आलेय. तेही खाज सुटेल म्हणून धाक धरून.

होड्यांतून आलेले पॉलिनेशियन लोक बरोबर काय काय घेऊन आले, ते बघताना तर परसात फिरल्यासारखं वाटलं. हळद, ऊस, केळी, नारळ, नीरफणस, बारतोंडी. कुकुईच्या बिया हिरावर ओवून दिव्यासारख्या जाळत असत म्हणे. आपल्याकडे त्याच हिरांचा केरसुणीपलीकडे विचार होत नाही.

मूळ इथलीच अशी झाडं वेगळी, आणि त्यांची कथा जास्त दुःखाची. आलुला नावाचं एक. उघडा खांब, वर कोबीचा गड्डा ठेवल्यासारखी पानं. समुद्राकाठच्या कड्यांवर वाढायचं. त्याच्या फुलाकडे येणारा पतंगच बहुधा नामशेष झाला, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ दोर बांधून कड्यावरून लटकले आणि हाताने पराग लावत राहिले. तरी रानातून ते संपल्यातच जमा. समोरचं झाड अगदी तरारलेलं होतं. त्याच्यापुढे मला उगाचच संकोचल्यासारखं झालं.

ही जमीन १९७६ मध्ये ज्युलिएट राइस विचमन यांनी वनस्पती उद्यानाच्या संस्थेला देऊन टाकली. एप्रिल २०१८ मध्ये इथून जवळच्या वाइपा इथे चोवीस तासांत १,२६२ मिलिमीटर पाऊस पडला. यांनी लगेच हिशेब केला, “२६ जुलैला सांताक्रूझला ९४४ होता.” सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य! दरडींनी रस्ता वर्षभराहून जास्त बंद होता. प्रवाशांविना गावाला बरं वाटलं असेल का, हे विचारायचं ओठावर आलं होतं, पण आपणच प्रवासी.

परतताना पोई घेतली. अळवाचा वाफवलेला कंद कुटून, पाणी घालून केलेली, राखाडी-जांभळी. किती बोटांनी उचलली जाते त्यावर तिचा दाटपणा सांगतात, एका बोटाची घट्ट, तीन बोटांची पातळ. चव आंबिलीच्या गावाची. यांना आवडली नाही, मी दोन वाडगे संपवले.

बागेतल्या बाई म्हणाल्या होत्या, पोईचं भांडं उघडं असेल तोवर घरात भांडायचं नाही, हालोआ समोर असतो. यांनी ते नीट ऐकलं असणार. कारण मी शेवटचं बोट चाटून झाकण लावल्याबरोबर म्हणाले, “अकराचीच होती वेळ.”