जास्तीचे रेशीम

आज सुटी असल्याने ठाण्यातल्या घरी भाच्यासोबत दुपारभर ‘सिव्हिलायझेशन फाइव्ह’ हा राज्य उभारण्याचा संगणकावरचा खेळ खेळलो, आणि 2010 साली आलेल्या या खेळातली देवाणघेवाण किती विचारपूर्वक रचली आहे हे त्याला समजावून देता आल्याचे मनापासून समाधान वाटले. आमच्या राज्यात रेशमाची दोन ठिकाणे होती. चैनीची एखादी वस्तू मिळाली की प्रजेचा आनंद 4 ने वाढतो, मात्र त्याच वस्तूचा दुसरा साठा त्यात काडीचीही भर घालत नाही. म्हणून तो पडून राहू देण्यापेक्षा संगणकाच्या ताब्यातील शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडचे जास्तीचे मसाले घेणे दोघांच्याही फायद्याचे ठरते.

सोने घ्यायचे असेल, तर 2013 च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या विस्तारित आवृत्तीपासून एकरकमी व्यवहारासाठी आधी मैत्रीची जाहीर घोषणा लागते, नाहीतर दर फेरीच्या हप्त्यावर भागवावे लागते. साधारण वेगाच्या खेळात करार 30 फेऱ्या टिकतो, पण मध्येच युद्ध पेटले की हप्ते थांबतात. त्यामुळे शेजारी भरवशाचा नसेल, तर हप्त्यांचा मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

भाचा मात्र सरहद्दीवर सैन्य जमवणाऱ्या शेजाऱ्यालाच लोखंड विकायला निघाला होता. त्याच लोखंडातून तलवारबाज उभे राहतात, हे सांगताच त्याने तो प्रस्ताव स्वतःहून मागे घेतला आणि रेशीम दुसऱ्या, मित्र असलेल्या राज्याला देऊन आलेल्या सोन्यातून राजधानीत धान्याचे कोठार बांधले.