पाहुण्यांच्या वहीतला कोरा रकाना

ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे एका चर्चच्या सभासदांची, वाढ थांबली की तोडगा बहुधा एकच सुचतो: लोकांची श्रद्धा जागवणारी मोठी संजीवन सभा घ्या, बाहेरचा वक्ता बोलवा. या मंडळीच्या पंचांनीही, म्हणजे कारभार पाहणाऱ्या निवडक सभासदांनीही, तेच ठरवत आणले होते. मंडळ्यांचा कारभार आणि सेवाकार्य तपासून सल्ला देणे हे आमचे काम. खर्चात पडण्याआधी एकदा पाहून जा, म्हणून बोलावणे आले. रविवारची उपासना आटोपल्यावर पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू), सेक्रेटरी आणि दोन पंच यांच्यासोबत बसलो आणि तीन वह्या मागितल्या: पाहुण्यांची वही, बाप्तिस्मा व सभासदत्वाचे रजिस्टर, आणि पंचमंडळाच्या सभांचे इतिवृत्त.

पाहुण्यांच्या वहीतली वर्षभराची नावे कागदावर उतरवायची आणि प्रत्येक नावापुढे चार रकाने आखायचे: पुन्हा आले का, संपर्क कोणी केला, कोणत्या गटात बसतात, आज कुठे आहेत. पहिला रकाना भरताना सगळ्यांनाच आश्चर्य वाटले. नवी माणसे येत होती, दुसऱ्यांदाही येत होती. दुसऱ्या रकान्यात मात्र ‘पाळक’ एवढेच, नाहीतर काहीच नाही. तिसरा जवळपास कोरा. चौथ्यासाठी एकेक नाव मोठ्याने वाचू लागलो. एका नावाशी सेक्रेटरी थांबले. ‘हे तर दीड-दोन महिने येत होते. शेवटच्या बाकावर बसायचे.’ आता कुठे असतात? खोलीतल्या कोणालाच सांगता येईना. पुढच्या पानांवर अशी नावे येतच राहिली.

म्हणजे दार बंद नव्हते. आत आलेल्यांना धरून ठेवणारे कोणी नव्हते. संजीवन सभेने त्याच वहीत आणखी नावे चढली असती, इतकेच.

मग पाळकसाहेबांचा आठवडा लिहून काढला. उपदेशाची तयारी, प्रार्थना सभा, रुग्णभेटी, लग्ने, अंत्यविधी, तरुण संघ, संडे स्कूलचे धडे, बिले, दुरुस्त्या, वादविवाद मिटवणे, सभागृहाच्या किल्ल्यासुद्धा त्यांच्याकडेच. हा माणूस आळशी नव्हता, थकलेला होता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण अशा वेळी सगळा दोष पाळकाच्या माथी मारणे फार सोपे असते. बायबलमधील निर्गमच्या 18व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलेला आहे आणि लोक उभे आहेत. त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो, अशाने तूही थकशील आणि हे लोकही. उपाय म्हणून हजार, शंभर, पन्नास आणि दहा लोकांवर नायक नेमायला सांगतो. अवघड प्रकरणेच मोशेकडे यावीत. एकाच माणसाकडे सगळे काम अडकले की आधी हाल होतात ते ताटकळणाऱ्यांचे, हे वाचताना बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

काम सोपवले का जात नव्हते, याचे उत्तर इतिवृत्तात सापडले. एका बहिणीने किशोरवयीन मुलांसाठी वेगळा वर्ग सुरू करायची तयारी दाखवली होती. पहिल्या सभेत ‘चर्चा झाली’. पुढच्या सभेला पाळकसाहेब बाहेरगावी, म्हणून विषय तहकूब. त्यापुढे खोली कोणती द्यायची यावर मतभेद. नंतर तो विषय कार्यक्रमपत्रिकेतून गेलाच. नकार कोणी दिला नव्हता. ती आता दुसऱ्या मंडळीत शिकवते, असे एका पंचाने सांगितले.

यावर आम्ही अधिकारांचा एक कागद करायला लावतो. गटप्रमुखाने स्वतः काय ठरवायचे, काय ठरवून नुसते कळवायचे आणि कशासाठी आधी परवानगी घ्यायची, हे त्यावर लिहायचे. नेमून दिलेल्या रकमेबाहेरचा खर्च, शिकवणीचा मजकूर आणि मुलांची सुरक्षितता या तीन बाबतींत परवानगी हवीच. मुलांच्या वर्गात कायम दोन प्रौढ असले पाहिजेत, त्यात सवलत नाही. बाकीच्या गोष्टी पंचांपर्यंत येऊच नयेत.

याच मंडळीत उलटी चूकही झाली होती. गोड गळ्याच्या एका तरुणाला बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांतच तरुण संघाचा प्रमुख केले, आणि वर्षाच्या आत संघात दोन तट पडले. पुढारी नवशिका नसावा, असे बायबलमधील 1 तीमथ्य 3:6 बजावते. दोन्ही चुकांचे मूळ एकच: प्रेक्षक आणि पदाधिकारी यांच्यामध्ये शिकाऊ अशी पायरीच ठेवलेली नव्हती. आधी अनुभवी माणसाने काम करायचे आणि शिकाऊने पाहायचे, मग त्याने हात लावायचा, मग काम त्याने करायचे आणि अनुभवी माणसाने शेजारी उभे राहायचे, शेवटी बाजूला व्हायचे. गाळली जाते ती शेजारी उभे राहण्याची पायरी.

संध्याकाळी सगळे पंच जमल्यावर नव्या लोकांसाठी तीन माणसे नेमायचे सुचवले. दोन दिवसांत फोन, आठवड्यात भेट, तिसऱ्या रविवारपर्यंत आठ-बारा जणांच्या गृहसभेत ओळख, सहाव्या रविवारी यादी पुन्हा तपासणे. सलग दोन रविवार न दिसलेल्याला सोमवारी फोन, आणि बोलायचे. बायबलमधल्या वचनाचा संदेश पाठवणे म्हणजे विचारपूस नव्हे. पंचांच्या सभेची पहिली वीस मिनिटे माणसांसाठी, छपराचा विषय नंतर.

एक ज्येष्ठ पंच म्हणाले, ‘पाळक आले नाहीत तर लोकांना अपमान वाटेल.’ शंका खरी होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा दाखला दिला. 1742 मध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचा पुढारी जॉन वेस्ली याच्या लोकांनी इमारतीचे कर्ज फेडायला सुमारे बारा-बारांचे गट केले. पाळक नव्हे, तर गटप्रमुख दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायला जाई. त्या फेऱ्यांतून घराघरातली परिस्थिती कळू लागली, आणि पुढे हेच गट मेथडिस्टांच्या आत्मिक देखभालीचा कणा झाले.

तीन माणसे कोणती, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. सुचलेली नावे जुन्या घराण्यांतलीच होती. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये, पहिल्या ख्रिस्ती मंडळीत, तक्रार ग्रीक बोलणाऱ्यांची होती, त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते; आणि ते काम पाहायला निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, त्यातला निकलाव तर अंत्युखियाचा, यहूदी धर्म स्वीकारलेला. म्हणून एक नाव अलीकडे आलेल्यांतले हवे, असा आग्रह धरला. फोन करायला, घरी जायला नवा माणूस चालतो. पंच करायची घाई नको. बऱ्याच वादानंतर दोन वर्षांपूर्वी सभासद झालेल्या एका ताईंचे नाव ठरले.

पाळकसाहेबांनी उपदेश, शिक्षण, गंभीर आजारी व शोकातल्या घरांच्या भेटी आणि गटप्रमुखांची मासिक बैठक आपल्याकडे ठेवली. तीन महिन्यांनी दुसऱ्या रकान्यात ‘पाळक’ सोडून किती वेगवेगळी नावे आली ते आधी मोजायचे आणि हजेरीचा आकडा त्यानंतर पाहायचा, असे इतिवृत्तात लिहून सह्या झाल्या.