पेनेलपी : सायीच्या रंगाचा गुलाब आणि माझी चार वर्षं

आधी रंगाचंच सांगते कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. हा गुलाब विकत घेतला तेव्हा लेबलवर एकच शब्द होता, क्रीम. आता म्हशीच्या दुधावरची साय पांढरी, गाईच्या दुधावरची पिवळसर, खरवस त्याहून जरा गडद, मग क्रीम म्हणजे यातलं कुठलं? तर पेनेलपीच्या एकाच घोसात हे सगळे रंग एकाच वेळी असतात. कळी पिकल्या जर्दाळूच्या रंगाची, थोडी गुलाबीकडे झुकणारी, फूल उमलतं तेव्हा पाकळ्यांवर अगदी पुसट गुलाबी झाक आणि मधोमध पिवळसरपणा, मग साय, आणि ऊन कडक असलं की एकदोन दिवसात जवळजवळ पांढरं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थंडीत येणारी फुलं परत जास्त गुलाबी. त्यामुळे एक फोटो बघून याचा रंग ठरवूच नका, अख्खा सीझन बघावा लागतो.

आम्ही मूळचे नाशिकचे, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये एसेक्सच्या बाजूला रॉम्फर्डजवळ राहतो. नाशिकला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणायचे हे बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतात, आणि आमच्या घरी मागच्या अंगणात एडवर्ड नावाच्या गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर, चांगल्या गुलाबाचे डोळे भरायचं, कलमं करायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. मी त्यांच्या हाताखाली सुतळी आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या धरून उभी राहून वाढलेली. त्यामुळे गुलाब लावणं मला नवीन नव्हतं. पण श्रब रोज, म्हणजे झुडपासारखा पसरणारा गुलाब, मी कधी लावला नव्हता, आपल्याकडे आपण लावतो ते बहुतेक हायब्रिड टी, एका दांडीला एक मोठं फूल, आणि त्या दोघांना एकच नियम लावून चालत नाही हे शिकण्यात माझी दोन वर्षं गेली.

पेनेलपीच का घेतला तर शेजारच्या बाईंमुळे. ऐंशीच्या घरातल्या आहेत, त्यांनी एकदा कुंपणावरून सांगितलं की तुला गुलाब लावायचा असेल तर इथल्याच मातीतला लाव. रॉम्फर्डच्या उत्तरेला तीनेक मैलांवर हॅव्हरिंग-अॅट-बोवर नावाचं छोटं गाव आहे, तिथे रेव्हरंड जोसेफ पेम्बर्टन म्हणून एक पाद्री राहायचे, १८५२ चा जन्म, बहीण फ्लॉरेन्सबरोबर राहायचे आणि गुलाबांचे संकर करायचे. हायब्रिड मस्क नावाचा जो गुलाबांचा गट आहे तो त्यांचा. पेनेलपी त्यांनी १९२४ ला आणला आणि १९२६ ला ते गेले. त्यांच्याकडे काम करणारे बेन्टॉल आणि त्यांची बायको अॅन यांनी पुढे ते काम चालू ठेवलं, बॅलेरिना (१९३७) आणि बफ ब्युटी (१९३९) हे गुलाब त्यांचे. माझ्या घरापासून बसने जाता येईल अशा गावात शंभर वर्षांपूर्वी तयार झालेलं झाड, मग मी दुसरं कुठलं बघितलंच नाही.

पेनेलपी ज्या दोन गुलाबांच्या संकरातून आला त्यातला एक ओफेलिया, १९१२ चा हायब्रिड टी, तोही फिकट सायगुलाबी. कळीचा आकार आणि रंगाचा तो हळुवारपणा तिकडून आलाय असं मला वाटतं. आणि झुबक्याने फुलणं, पसरणं, वास हवेत सुटणं हे दुसऱ्या बाजूने.

जानेवारी २०२२ ला झाड आलं. बेअर रूट, म्हणजे माती नाही, कुंडी नाही, कागदी पिशवीत उघडी मुळं आणि वर तीन काटक्या. इथे नोव्हेंबर ते मार्च, झाड झोपलेलं असताना असेच विकतात आणि स्वस्तही पडतात. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, "अगं हे तर वाळलंय." वाळलेलं नव्हतं. दोन तास बादलीत बुडवून ठेवलं, तोवर खड्डा खणला, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, आणि एसेक्सची माती म्हणजे चिकणमाती, हिवाळ्यात फावड्याला चिकटून बसते, उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यात कुजलेलं घोड्याचं खत आणि कंपोस्ट मिसळलं.

आणि इथे आमचा पहिला मोठा वाद झाला. नाशिकला बाबांनी मला शिकवलेलं की डोळा भरलेली गाठ जमिनीच्या वर ठेवायची, बोटभर तरी वर, नाहीतर पावसाळ्यात ती जागा कुजते. इथे बरेच जण सांगतात की गाठ दोन इंच मातीच्या खाली घाला. बाबांना पटेना. मीही हातात झाड धरून पंधरा मिनिटं तशीच उभी. शेवटी शेजारच्या बाईंनी समजावलं की इथे पावसाच्या कुजण्यापेक्षा थंडी आणि वारा यांची भीती जास्त, गाठ खाली असली की वरचं सगळं बर्फाने जळलं तरी कलमाचा भाग मातीत सुरक्षित राहतो, आणि वाऱ्याने झाड हलत नाही. मी खाली घातली. पुढे डिसेंबरात जे झालं त्यावरून सांगते, त्या दोन इंचांनी माझं झाड वाचवलं.

पहिला उन्हाळा २०२२ चा. १९ जुलैला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पारा ४० च्या वर गेला. नाशिकच्या माणसाला ४० काही नवीन नाही, पण सहा महिन्यांच्या झाडाला आणि या मातीला ते फार होतं. मी रोज थोडं थोडं पाणी घालत होते, आणि तीच चूक, रोज शिंतोडे मारून मुळं वरच्यावर राहतात. आठवड्यातून दोनदा, पण आळं भरून पूर्ण बादली, असं करायला हवं होतं. ऑगस्टमध्ये कोवळ्या शेंड्यांवर भुरी ही बुरशी आली, पांढरी पूड मारल्यासारखी. पेनेलपीला मूळं कोरडी पडली की भुरी लवकर धरते, नंतर दरवर्षी बघितलंय. औषध फवारलं नाही, शेंडे कापले, आळ्यात जाड आच्छादन टाकलं आणि पाणी बदललं, तेवढ्याने आटोक्यात आली.

मग आला ऑक्टोबर. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे गुलाबाची छाटणी, पाऊस संपला की कात्री, दीडेक महिन्यात नवीन फूट आणि थंडीत फुलंच फुलं. माझ्या हातात ते इतकं बसलेलं की मी विचारही केला नाही, बाबांनी फोनवर आठवणसुद्धा करून दिली, "ऑक्टोबर निघाला, कात्री लावलीस का?" आणि मी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन झाड अर्ध्यापेक्षा खाली आणलं. त्या वर्षी इथला ऑक्टोबर उबदार होता. झाडाला वाटलं वसंत आला, नोव्हेंबरात सगळीकडून लालसर कोवळे फुटवे, मी फोटो काढून घरी पाठवले, सगळे खूश. आणि ११ डिसेंबरच्या रात्री बर्फ पडला, पुढे आठवडाभर हाडं गोठवणारी थंडी. फुटवे काळे पडले, उकडलेल्या पालकासारखे लोंबायला लागले, आणि मागोमाग काड्या वरून खाली तपकिरी होत गेल्या. मला रडू आलं खरंच. बाबांना सांगायला दोन दिवस लागले, आणि ते ऐकून बराच वेळ गप्प होते.

बाई म्हणाल्या आता हात लावू नकोस, फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत थांब. थांबले. फेब्रुवारीत नखाने साल खरवडून बघितली, वर सगळं तपकिरी, जमिनीलगत हिरवं. तिथपर्यंत कापलं. एप्रिलमध्ये मातीतून दोन जाड लालसर कोंब आले आणि मी लगेच खाली वाकून बघितलं की हे खुंटाचे तर नाहीत, कारण खुंटाचा फुटवा गाठीच्या खालून, मुळावरून येतो, आणि तो राहू दिला तर वरचं कलम मरतं. माती बोटाने बाजूला केली, गाठीतूनच आलेले. पानं वाढल्यावर खात्री पटली, पेनेलपीचं पान गडद हिरवं, थोडं रुंद. खुंटाचं पान फिकं आणि बारीक होतं, मागच्या वर्षी एक आलेला तो मी ओढून काढलेला, कापायचा नसतो, कापला तर दुप्पट येतो.

२०२३ मध्ये फुलं मोजकीच आली. फेब्रुवारीनंतर मी कापलं काहीच नाही, फक्त सुकलेली फुलं काढली. झाडाला वाढू दिलं. तोपर्यंत हे कळलेलं की या गुलाबाला हायब्रिड टीसारखं खाली आणायचंच नसतं. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला उंचीचा फार तर तिसरा भाग काढायचा, मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्या काढायच्या, आणि झाड जुनं झाल्यावर दरवर्षी एक सगळ्यात जुनी फांदी तळापासून काढायची म्हणजे खालून नवीन येते. बस. त्याला घोस धरायला लांब, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या लागतात, त्या कापून टाकल्या तर फुलं येणार कुठून.

जून २०२४ ला बाबा आले. त्याच आठवड्यात झाड फुललं. पाच फूट उंच, तेवढंच रुंद, आणि एकेका घोसात दहा-बारा फुलं. फूल मोठं नाही, अडीच-तीन इंच, पाकळ्या दोन-तीन पदरी, मधे सोनेरी पुंकेसर स्पष्ट दिसतात. बाबा पहिल्यांदा म्हणाले, "पाकळ्या कमी आहेत गं," कारण त्यांच्या डोळ्यासमोर भरगच्च गुलाब. पण संध्याकाळी मागचं दार उघडं होतं, ते स्वयंपाकघरात चहा घेत बसलेले आणि कप खाली ठेवून विचारलं की वास कुठून येतोय. झाड दारापासून वीस पावलांवर. हायब्रिड मस्कचं हेच मोठं वैशिष्ट्य, फुलाला नाक लावायला लागत नाही, वास हवेवर चालत येतो, दमट संध्याकाळी तर जास्तच. आपल्या गावठी गुलाबाचा गुलकंदी गोड वास वेगळा, याचा हलका, किंचित मधासारखा. आणि पाकळ्या कमी असल्यामुळे मधमाश्यांना आत जाता येतं, सकाळी झाड नुसतं घूं घूं करत असतं. दुसऱ्या दिवसापासून बाबा खुर्ची तिथेच टाकून बसायला लागले.

काटे अगदीच नाहीत असं नाही, पण कमी आहेत. सावलीही बऱ्यापैकी सोसतो, आमच्याकडे दुपारी तीननंतर कुंपणाची सावली येते तरी फुलतो. मे महिन्यात कळ्यांवर मावा येतो, मी बोटांनी पुसते आणि आठवडाभरात लेडीबर्डच्या अळ्या येऊन उरलेला संपवतात, बाबांनी नाशिकहून सांगितलेला साबणाच्या पाण्याचा फवारा मला एकदाही लागला नाही. पानांवरचे काळे ठिपके मात्र पावसाळी वर्षात येतातच, खालची पानं गळतात, ती वेचून कचऱ्यात टाकायची, कंपोस्टमध्ये नाही. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा गार्डन मेरिटचा पुरस्कार या गुलाबाला आहे, आणि तरीही सांगते, हा काही न बघता वाढणारा गुलाब नाही. पाणी आणि आच्छादन यात कंजूषपणा केला की तो लगेच सांगतो.

एक गोष्ट ठरवावी लागते, फुलं हवीत की फळं. जूनचा बहर संपल्यावर सुकलेले घोस कापले तर ऑगस्टपासून परत फुलं येतात, न कापता ठेवले तर झाड फळांच्या मागे लागतं. मी जून-जुलैत कापते आणि सप्टेंबरनंतर हात लावत नाही. मग थंडीत बारीक बारीक फळं धरतात, लाल नाही, पोवळ्यासारखी गुलाबी आणि वर राखाडी धूळ बसल्यासारखी, मोठ्या वाटाण्याएवढी. फुलाइतकाच त्यांचा रंग मला आवडतो. पानं गळून गेल्यावर नोव्हेंबरच्या करड्या उजेडात तेवढीच दिसतात.

बाबा परत जाण्याआधी आम्ही हॅव्हरिंगला जाऊन आलो. पेम्बर्टन ज्या राउंड हाउसमध्ये राहायचे ते आजही उभं आहे, लंबगोल, अठराव्या शतकाच्या शेवटचं, पण ते खासगी घर, आत जाता येत नाही. बाबा गावातल्या हिरवळीवर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, त्याने पण असंच परागकण ब्रशने लावून, बिया पेरून, शंभरातलं एक ठेवलं असणार. मग बसमध्ये बसल्यावर त्यांनी मला विचारलं, याचा डोळा नेता येणार नाही ना? नाही येणार बाबा, झाडाचा भाग विमानातून असा न्यायला परवानगी लागते. ते म्हणाले, मग इथेच वाढव.

म्हणून त्या ऑक्टोबरला मी परत सिकेटर घेतला, यावेळी बाबा व्हिडिओ कॉलवर. त्याच वर्षी वाढलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड सहा काड्या, प्रत्येकी नऊ-दहा इंच, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा, वरचा डोळ्याच्या वर तिरका म्हणजे उलटसुलट होत नाही. कुंपणाच्या कडेला अरुंद चर काढला, तळाशी वाळू, आणि दोन तृतीयांश काडी मातीत. यात खुंट नाही, कलम नाही, झाड स्वतःच्या मुळांवर. बाबा म्हणत होते, "खोल घाल, अजून खोल," आणि मला ते लावतानाचं भांडण आठवलं.

२०२५ चा वसंत इथे फारच उन्हाचा आणि कोरडा गेला, मी दर चौथ्या दिवशी चरात पाणी सोडत होते. एप्रिलमध्ये सहापैकी चार काड्यांना पानं आली. एक शेजारच्या बाईंना द्यायची ठरलीये, पुढच्या हिवाळ्यात झोपलेली असताना काढून.