बोल्ट विमानाचा, कोड मात्र 7318

विमानात बसतो तो प्रत्येक पार्ट 8807 मध्ये, म्हणजे विमानाच्या भागांच्या कस्टम्स कोडमध्ये जातो, हा आयातीतला सर्वांत महागडा गैरसमज. हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणजे मालाच्या कस्टम्स कोडांची आंतरराष्ट्रीय यादी; तिच्या विभाग 17 मधली टीप 2 आधी वाचा. सर्वसाधारण वापराचे नट-बोल्ट, पंप, इलेक्ट्रिकचं सामान, मोजमापाची उपकरणं ती सरळ बाहेर काढते. लँडिंग गिअर 8807 20 मध्ये, पण त्याला लागणारा स्टीलचा बोल्ट 7318 मध्ये, रबरी ओ-रिंग 4016 मध्ये, हायड्रॉलिक पंप 8413 मध्ये, टायर 4011 30 मध्ये. इन्व्हॉइसवर नुसतं ‘एअरक्राफ्ट स्पेअर्स’ लिहून आलं की मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोत माल अडकलाच समजा. प्रत्येक ओळीला पार्ट नंबर, नग आणि कोड हवाच.

पूर्वी कोडप्रमाणे आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 5 पासून 28 टक्क्यांपर्यंत बदलायचा. 15 जुलै 2024 पासून विमानाचे भाग, चाचणी उपकरणं आणि टूल किट यांना, अटी पाळल्या तर, कोड कुठलाही असो, सरसकट 5 टक्के लागतो. फार चांगला निर्णय. पण बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या कस्टम्स अर्जात, कोड बरोबर टाकण्यातून सुटका नाही.

नागरी विमान व्यापाराचा 1979 चा बहुराष्ट्रीय करार यादीतल्या मालावरचं सीमाशुल्क शून्य करतो, दुरुस्तीवरचंही. भारताने त्यावर सही केलेली नाही, त्यामुळे इथल्या आयातदाराने त्याची यादी दाखवून उपयोग नाही. आपल्याकडे चालते ती भारताची अधिसूचना आणि तिच्यातल्या अटी.

खरा घोळ होतो दुरुस्तीच्या मालात. पंप ओव्हरहॉलला परदेशी पाठवून परत आणला, तर शुल्काची आकारणी दुरुस्तीचा खर्च आणि दोन्ही बाजूंचं भाडं-विमा यांवर होते, पूर्ण किमतीवर नाही. अट एकच मोठी: गेला तोच नग परत यायला हवा. म्हणून जातानाच शिपिंग बिलात (निर्यातीच्या कस्टम्स अर्जात) सिरियल नंबर लिहा. परतीच्या ईएएसए फॉर्म 1 वर किंवा एफएए 8130-3 वर (पार्ट वापरायला योग्य असल्याची युरोपची आणि अमेरिकेची प्रमाणपत्रं) तोच नंबर आहे ना, हे माल निघण्याआधी स्कॅन मागवून तपासा. विमान जमिनीवर खोळंबलेलं असतं तेव्हा दुरुस्ती केंद्रं अनेकदा एक्स्चेंजमध्ये दुसराच नग पाठवतात. सिरियल बदलला की ही सवलत गेली. असा नग पूर्ण किमतीवर, नवी आयात म्हणूनच दाखल करा, आणि सुट्या भागांची सवलत लागू करायला कस्टम्स ब्रोकरला आधीच सांगून ठेवा.